नाकाने सोललेले कांदे

उचलली जीभ लावली टाळ्याला, हा काही विज्ञानाचा नियम नाही. तरी विज्ञानाच्या सरांनी तो एका मंगळवारी मधल्या सुट्टीत, शिक्षकांच्या खोलीत, सर्वांदेखत सिद्ध करून दाखवला.

"माझ्या वर्गातली एकही मुलगी प्रात्यक्षिकातून सूट घेणार नाही," डब्याचे झाकण लावता लावता ते म्हणाले. "तात्पर्य, ती प्रयोग करणार. स्वतःच्या हातानं करणार. कसा करणार, ते मी बघतो."

दर तिसऱ्या वाक्याला 'तात्पर्य' आल्याखेरीज त्यांना श्वास घेता येत नसे, म्हणून मुले त्यांना तात्पर्यसर म्हणत. तात्पर्य सरांकडे पुष्कळ असे. तात्पर्याच्या आधी जे यायला हवे, ते मात्र बहुतेक वेळा राहून जाई.

घडले होते ते असे. वरच्या कार्यालयातून परिपत्रक आले होते, की ज्या विद्यार्थ्यांना दिसत नाही त्यांना दहावीच्या विज्ञान प्रात्यक्षिकातून सूट द्यावी आणि वर्गाच्या गुणांची सरासरी काढून तेवढे गुण त्यांच्या नावावर टाकावेत. अशी विद्यार्थिनी शाळेत एकच होती. तिला जन्मापासून दिसत नव्हते, पण बोलायला मात्र ती वेळेच्या बरीच आधी लागली असावी. वर्ग तिला वकीलबाई म्हणे. मुख्याध्यापिकांनी, म्हणजे शाळेच्या भाषेत मोठ्या बाईंनी, तिला बोलावून परिपत्रक वाचून दाखवले, पेन हातात दिले आणि बोट धरून सहीच्या जागेवर नेऊन ठेवले. वकीलबाईंनी बोट मागे घेतले.

"सरासरी कुणाची, बाई?"

"अगं, वर्गाची."

"म्हणजे एक जण प्रयोग करतो आणि बाकीचे त्याच्या वहीतून उतरवतात, त्यांची?"

"आयते गुण मिळतायत बाळ, घ्यावेत," मोठ्या बाई म्हणाल्या. दयाळू माणसाला नकार ऐकायची सवय नसते. त्यांचा आवाज 'बाळ'वरच थोडा चढला.

"आणि गुणपत्रिकेवर 'सूट' असा शेरा येतो त्याचं काय? मी विज्ञान महाविद्यालयात फोन करून विचारलंय. सूटवाल्यांना ते विज्ञान शाखेला घेत नाहीत. म्हणाले, प्रयोगच केला नाही तर कसं घेणार? मला पुढे रसायनशास्त्र शिकायचंय, बाई. मी सही करणार नाही."

ही हकिकत मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत पोचली. दहावीचा ठरलेला प्रयोग म्हणजे दोन बाटल्यांतले द्रव लिटमस कागदाने तपासायचे, आम्ल कुठले आणि आम्लारी कुठले ते सांगायचे. निळा कागद आम्लात लाल होतो, लाल कागद आम्लारीत निळा होतो. खेळाचे सर म्हणाले, "मग काय, तात्पर्यसर तिला लाल-निळं वर्णन करून सांगतील!" खोली हसली. विनोद आपल्या विद्यार्थिनीवर झाला म्हणून सर चिडले असे कुणाला वाटत असेल, तर तो त्या वाटणाऱ्याचा चांगुलपणा. विनोद खेळाच्या सरांनी केला म्हणून ते चिडले. आणि मग वर सांगितलेली प्रतिज्ञा त्यांच्या तोंडून निघून गेली.

प्रतिज्ञा करणे सोपे असते. घोडे अडते ते दुसऱ्या दिवशी. सरांनी वकीलबाईंना प्रयोगशाळेत बोलावले आणि पाठीमागे हात बांधून येरझारा घालत म्हणाले, "आपण काहीतरी मार्ग काढू. तात्पर्य, मार्ग निघतोच."

"मार्ग पुस्तकात आहे सर. आम्लं आणि आम्लारी धड्यात, शेवटून दुसरं पान. ताईनं मला वाचून दाखवलंय. कांदा बारीक चिरायचा, त्यात कापडाच्या पट्ट्या ठेवायच्या. पट्टीला वास लागतो. मग पट्टीवर आम्ल टाकलं तर वास राहतो आणि आम्लारी टाकलं तर जातो."

ते पान सर बावीस वर्षे गाळत आले होते. त्यावर परीक्षेत प्रश्न येत नसे, आणि ज्यावर प्रश्न येत नाही ते निसर्गात घडत नाही, असा त्यांचा शास्त्रीय दृष्टिकोन होता. पण सायंकाळी घरी पोचेपर्यंत ही कल्पना त्यांची स्वतःची झाली होती. जिन्यात भेटलेल्या तीन माणसांना त्यांनी ती सांगितली, आणि तिसऱ्याला सांगताना "मला एकदम सुचलं" हे शब्दही आले.

तिसरा माणूस म्हणजे वरच्या मजल्यावरचे काका. हे निवृत्त इंजिनीअर. निवृत्तीनंतर पुलांची कामे मिळत नसल्याने ते आता शेजाऱ्यांवर बांधकाम करीत.

"कांदा कुठला घेणार?" काकांनी विचारले.

"कुठला म्हणजे? कांदा."

"हेच चुकतं आपलं. पांढरा की लाल? किती दिवस साठवलेला? मी तर म्हणतो लसूण घ्या. लसणाचा वास मोजता येतो."

"कशानं मोजायचा?"

"ते तुम्ही विज्ञानवाल्यांनी शोधायचं," काका म्हणाले. उंटावरच्या शहाण्याला उंटावरून उतरावे लागत नाही, हेच त्या जागेचे सुख असते. सरांनी लाल आणि पांढरा, दोन्ही कांदे आणले, प्रत्येकी दोन किलो.

पुस्तकात लिहिले होते की चिरलेला कांदा आणि पट्ट्या घट्ट बांधून बराच वेळ फ्रिजमध्ये ठेवाव्यात. फ्रिज कुणाचा, हे पुस्तकात लिहिले नव्हते. सरांच्या समजुतीप्रमाणे तो दोघांचा होता. त्यांच्या पत्नीची समजूत वेगळी होती, आणि ती सकाळच्या चहाबरोबर स्पष्ट झाली. चहाला कांद्याचा वास होता. दुधाला होता. लोण्याला होता. बर्फालाही होता, आणि बर्फाला वास लागतो हा शोध त्या सकाळी सरांच्या घरी लागला.

"एक दिवस सहन कर," सर म्हणाले. "एका अंध मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"त्या मुलीनं माझ्या फ्रिजमध्ये ठेवा म्हणून सांगितलं होतं?"

"विज्ञानासाठी माणसांनी काय काय सोसलंय!"

"माणसांनी सोसलं असेल. त्यांच्या बायकांनी काय सोसलं ते कुणी लिहून ठेवत नाही. आणि या पट्ट्या कसल्या आहेत?"

सरांनी कप तोंडाला लावला. पट्ट्या पांढऱ्या, सुती आणि मऊ होत्या, कारण त्या पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवलेल्या उशीच्या अभ्र्याच्या होत्या. 

तिसऱ्या दिवशी इमारतीत गॅस गळत असल्याची तक्रार गेली. गॅस कंपनीचा माणूस यंत्र घेऊन आला, चार मजले हुंगत हिंडला आणि अखेर सरांच्या फ्रिजपाशी येऊन उभा राहिला. त्याने दार उघडले, दोन पावले मागे सरकला आणि तक्रारवहीत लिहिले, 'गॅस नाही. कांदा.' मग म्हणाला, "सर, माझ्या नोकरीत हे पहिल्यांदाच." वरचे काका जिन्यात उभे राहून जमलेल्या मंडळींना सांगत होते, की आपण लसूण घ्या म्हटले होते, पण ऐकतो कोण.

एवढे सोसून पट्ट्या शाळेत गेल्या. सरांनी मुद्दाम खेळाच्या सरांना प्रयोगशाळेत बोलावले. हात दाखवून अवलक्षण करून घेणे म्हणतात ते हेच. वकीलबाईंनी एका पट्टीवर आम्लाचे थेंब टाकले, दुसरीवर आम्लारीचे, दोन्ही पाण्यात खळबळल्या आणि एकेक नाकाशी नेली.

"कुठलीलाच वास नाही, सर."

"नीट घे."

"नीटच घेतला. दोन्हीचा गेलाय. खरं सांगायचं तर आधीही जेमतेमच होता."

खेळाचे सर नुसते शीळ वाजवत बाहेर गेले, आणि त्यानेच सरांना जास्त लागले. अख्ख्या इमारतीत ज्या कांद्याचा वास भरून राहिला, त्याचा पट्टीला मात्र मागमूस नव्हता. सरांनी कांद्याला दोष दिला. मग बाजाराला दिला. मग सर पुन्हा कांदे घेऊन आले, पुन्हा फ्रिज, पुन्हा पट्ट्या, पुन्हा तेच. स्वयंपाकघरात आता दोन माणसे आणि एक अबोला असे तिघे राहत होते.

दुसऱ्यांदा फसल्यावर वकीलबाईंनी कोरी पट्टी मागून घेतली. ती ओली करून चिमटीत चोळली. पुन्हा चोळली.

"सर, हे कापड धुतलेलं आहे?"

"स्वच्छ धुतलेलं आहे. आमच्या घरी कपडे अगदी..."

"कशानं धुतलंय? बुळबुळीत लागतंय बोटांना."

सरांनी घरी फोन केला. पत्नीने अबोला तेवढ्यापुरता बाजूला ठेवून सांगितले, की पाहुण्यांचे अभ्रे ती धुण्याच्या सोड्यात तासन् तास भिजवते, म्हणून तर ते पांढरेशुभ्र राहतात, आणि राहिलेले अभ्रे कुठे आहेत ते जरा सांगावे. सरांनी फोन ठेवला.

"सोडा म्हणजे आम्लारी," वकीलबाई म्हणाल्या. "कापडातच आम्लारी आहे सर. वास फ्रिजमध्येच मरत होता."

रसायनशास्त्राची पदवी सरांकडे होती. भिंतीवर, काचेत, खिळ्याला. तिचा त्या क्षणी काही उपयोग झाला नाही. "तात्पर्य, मला शंका होतीच," ते म्हणाले. मग कापडाच्या दुकानातून कोरे सुती कापड आले, नुसत्या पाण्यातून काढले गेले, आणि पट्ट्यांना असा वास लागला की शिपायाने प्रयोगशाळेच्या सगळ्या खिडक्या आपण होऊन उघडल्या. प्रयोग दहादा केला, दहादा बरोबर आला.

आता उरली होती फक्त परवानगी. 'फक्त' हा शब्द सरांचा. ज्याने कधी कार्यालयाची पायरी चढलेली नाही, तोच माणूस परवानगीच्या आधी 'फक्त' लावतो.

कार्यालयातल्या कारकुनाने अर्ज दोनदा वाचला. "यात 'नाक' असा शब्द आलाय."

"हो. विद्यार्थिनी नाकानं ओळखणार आहे."

"आमच्या नमुन्यात नाक नाही." त्याने छापील नमुना पुढे सरकवला. डोळे, कान, हात, पाय, वाचा असे रकाने होते. "ज्याला जे नाही, त्याच्यापुढे खूण करायची. तुमच्या मुलीला नाक आहे ना?"

"आहे."

"मग झालं. असलेल्या अवयवाची नोंद घ्यायला रकाना नाही."

सर परत आले. दुसऱ्या खेपेला त्यांनी 'नाक' काढून 'घ्राणेंद्रिय' घातले. तेव्हा असे निघाले की मान्य साहित्याच्या यादीत कांदा नाही. यादीबाहेरची वस्तू आणायची तर तिच्या शुद्धतेचा दाखला जोडावा लागतो. सर नाक मुठीत धरून भाजीवालीकडे गेले. ती म्हणाली, "कांदा चांगला आहे हे लिहून काय द्यायचं? कापून बघा, रडलात तर चांगला." सरांनी हे वाक्य घ्राणेंद्रियाच्या भाषेत लिहून काढले, खाली तिचा अंगठा घेतला आणि दाखला जोडला. तो मंजूर झाला, कारण त्यावर अंगठा होता. शाळेच्या शिक्क्याकडे कुणी पाहिलेही नाही.

तिसऱ्या खेपेला वकीलबाई सोबत आल्या, आपण होऊन. कारकुनाने आता शब्दकोश काढून ठेवला होता.

"हे बघा सर, प्रयोगवहीत रकाना काय असतो? निरीक्षण. आणि निरीक्षण म्हणजे काय? बारकाईनं पाहणं. वास घेणं म्हणजे निरीक्षण नव्हे. जिला पाहता येत नाही तिला निरीक्षणाचे गुण कसे द्यायचे? उद्या कुणी चौकशी लावली तर?"

बावीस वर्षे सर निरीक्षणाच्या रकान्यात मुलांकडून आधीच पाठ केलेली वाक्ये लिहून घेत आले होते. त्यात पाहण्याचा संबंध कधी आलाच नव्हता.

"काका," वकीलबाई कारकुनाला म्हणाल्या, "आत केबिनमध्ये कोण बसतं?"

"अधीक्षक साहेब."

"निरीक्षणात जो पाहण्याचा धातू आहे तोच अधीक्षकातही आहे. मग साहेब दिवसभर नुसते बघत बसतात का?"

कार्यालयात टाचणी पडलेली ऐकू आली असती, पण टाचण्या संपल्या होत्या. केबिनचे दार अर्धे उघडे होते. आतून आवाज आला, "कोण आहे रे ते? पाठव त्यांचा कागद." साहेबांनी सही केली. सही करण्यामागे न्यायबुद्धी होती असे समजण्याचे कारण नाही. बाहेरची मंडळी तोंड दाबून हसत होती आणि ती मुलगी तिथून लवकर जाणे साहेबांना हवे होते. सहीच्या वर मात्र त्यांनी एक ओळ घातली: 'परीक्षकाचे समाधान झाल्यास.'

सर आनंदाने हवेत तरंगत परतले. त्यांनी मनात सत्काराचे भाषण तयार केले. त्याची सुरुवात 'मी फक्त निमित्त' अशी होती आणि पुढची वीस मिनिटे निमित्ताविषयीच होती.

परीक्षेचा दिवस उजाडला. बाहेरच्या शाळेतून आलेले परीक्षक उंच होते, खिशाला तीन पेने होती, आणि प्रत्येक गोष्टीकडे नाक मुरडून पाहायची त्यांना सवय होती. मोठ्या बाई दाराशी उभ्या होत्या, हात जोडल्यासारखे करून. उत्तरे लिहून घ्यायला आठवीतली एक मुलगी लेखनिक म्हणून आली होती. लेखनिकाने सांगितले तेवढेच लिहायचे, स्वतःची अक्कल घालायची नाही, अशी तिला ताकीद होती, आणि ती तिने फार मनावर घेतली होती.

इथे सरांनी एक उद्योग करून ठेवला होता. दहादा बरोबर आलेल्या प्रयोगावरही त्यांचा विश्वास नव्हता, किंवा खरे तर मुलीवर नव्हता. सकाळी लवकर येऊन त्यांनी आम्लाच्या बाटलीच्या गळ्यात एक रबर अडकवले, आणि वकीलबाई येताच तिच्या कानाशी कुजबुजले, "रबरवाली बाटली आम्लाची. तात्पर्य, डोकं लावू नकोस."

वकीलबाईंचा चेहरा उतरला. "तुम्हीसुद्धा, सर?" एवढेच ती म्हणाली आणि टेबलाशी गेली.

तिने दोन्ही बाटल्या हाताने चाचपल्या. दोन पट्ट्यांवर थेंब टाकले. तेवढ्यात कोपर लागून एक काचनळी खाली पडून फुटली. परीक्षकांनी खूण केली, बहुधा गुण कापल्याची. तिने पट्ट्या खळबळल्या, एक हुंगली, दुसरी हुंगली.

"उजवीकडची, रबरवाली, आम्लारी. डावीकडची आम्ल."

सर खोकले. मग जोरात खोकले.

"सरांना खोकला झालाय," वकीलबाई म्हणाल्या. "रबरवाली आम्लारीच आहे. लिही तू."

आता परीक्षकांचे समाधान व्हायचे होते. त्यांनी दोन्ही पट्ट्या घेतल्या, डोळे मिटून एकेक हुंगली, आणि डोके हलवले. "चूक. दोन्ही पट्ट्यांना कांद्याचा वास येतोय. एकीचा गेला असं तू म्हणतेस, तो गेलेला नाही. निरीक्षणच चूक, तर निष्कर्षही चूक."

मोठ्या बाईंनी सुस्कारा सोडला, त्यात 'मी म्हटलंच होतं' एवढे सगळे होते. वकीलबाई जागच्या जागी उभी होती. टेबलाची कड तिने घट्ट धरली होती. हा प्रयोग गेला म्हणजे पुढचे सगळेच गेले; महाविद्यालय, रसायन, सगळे. मग तिने हात पुढे करून टेबलावरच्या दुसऱ्या डब्यातून आणखी एक पट्टी उचलली.

"सर, हिला येतोय का वास?"

परीक्षकांनी हुंगली. "येतोय की. कांद्याचाच."

"नक्की?"

"पंचवीस वर्षं परीक्षक आहे मी."

"ही कोरी पट्टी आहे, सर. दुकानातून आणलेली. हिला कांदा लागलेलाच नाही."

परीक्षकांनी पट्टी पुन्हा नाकाशी नेली, पुन्हा, आणि मग हळूच टेबलावर ठेवली.

"तुम्हाला वास येत नाही का, सर?" वकीलबाईंनी विचारले. विचारले मात्र अगदी साधेपणाने. "असू दे. सूट मिळते. सरासरीसुद्धा देतात."

लेखनिक मुलीने हे सगळे शब्दन् शब्द उत्तरपत्रिकेत लिहून घेतले.

परीक्षक खुर्चीवर बसले. मोठ्या बाई "अगं, अगं" करीत पुढे आल्या, त्यांना परीक्षकांनी हाताने थांबवले. "अकरा वर्षं झाली," ते म्हणाले. "तापातून उठलो तेव्हापासून. घरीसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही. बायको विचारते, वास कसा येतोय, की मी म्हणतो, छान." हे सांगताना ते कुणाकडेही पाहत नव्हते. तात्पर्यसरांना त्यांची कीव आली, आणि मग आपल्याला कीव आली याचे कौतुक वाटले.

लिटमस कागद आणले. रबरवाल्या बाटलीत लाल कागद निळा झाला. ती आम्लारीच होती. सर रबर अडकवून गेल्यावर, परीक्षा म्हणून बाटल्या स्वच्छ असाव्यात या सद्‌हेतूने शिपायाने दोन्ही धुऊन अदलाबदलीने पुन्हा भरल्या होत्या, आणि रबर दिसायला बरे दिसते म्हणून राहू दिले होते. सरांना दोन्ही डोळे असून त्यांनी बाटलीत काय आहे ते तपासले नव्हते. सायंकाळी शिक्षकांच्या खोलीत त्यांनी सांगितले, की रबर मुद्दामच उलट लावले होते, मुलीची कसोटी पाहायला. खेळाच्या सरांनी चहा सांडेपर्यंत मान डोलावली.

परीक्षकांनी मग उरलेली परीक्षा घेतली, आणि घेतली म्हणजे खरीच घेतली. दया नाही, घाई नाही. समीकरण विचारले, तोंडी प्रश्न विचारले, चुकले तिथे चुकले म्हणाले. सरांना बाहेर काढण्यात आले होते, खोकल्यामुळे.

निकाल लागला. प्रात्यक्षिकात वकीलबाईंना वीसपैकी तेरा गुण होते. वर्गाची सरासरी पंधरा आली. म्हणजे चार महिने कांदे चिरून, अभ्रा आणि अबोला खर्ची घालून, तीन वेळा कार्यालय आणि एक वेळा परीक्षक पालथा घालून मुलीने फुकटात मिळाले असते त्यापेक्षा दोन गुण कमी कमावले होते. सर पेटून उठले. त्यांनी तीन पानी तक्रार अर्ज लिहायला घेतला. पहिल्या पानावर त्यांचे स्वतःचे कार्य होते.

ते तिसऱ्या पानावर असताना वकीलबाई प्रयोगशाळेत आली. हातात गुणपत्रिका होती.

"शेरा नाहीये, सर. मोठ्या बाईंकडून दोनदा वाचून घेतली. 'सूट' कुठेही नाही. महाविद्यालयात जाऊन आले. प्रवेश झाला."

"झाला? वा! पण तेरा? अन्याय आहे हा! मी अर्ज करतोय."

"खबरदार अर्ज केलात तर. तेरा माझे आहेत. ते पंधरा कुणाचे तरी होते."

"पण गेले कुठे सात?"

"काचनळी फुटली त्याचा एक. तोंडीत दोन, मला खरंच आलं नाही. आणि समीकरणात पाचांतले चार."

"समीकरणात!" सर खुर्चीवरून उठले. "आम्ल अधिक आम्लारीचं समीकरण? अगं, ते मी तुमच्या वर्गात पन्नास वेळा घेतलंय!"

"हो. शब्दांत सांगितलं मी, आम्ल अधिक आम्लारी बरोबर क्षार अधिक पाणी. त्याचा एक मिळाला. मग ते म्हणाले, सूत्रांत सांग. तेव्हा तुम्ही वर्गात सांगता तसंच सांगितलं. त्या लेखनिक मुलीनं लिहूनही घेतलं."

"काय सांगितलंस?"

"हे अधिक हे बरोबर हे, आणि खाली हे."

सर फळ्याकडे पाहत राहिले. फळ्यावर कालच्या तासाचे समीकरण अजून तसेच होते, चारी बाजूंनी बाण काढलेले.

"मग तेव्हाच विचारायचंस ना मला, हे म्हणजे काय!"

"विचारलं होतं, सर. पहिल्याच महिन्यात," वकीलबाई म्हणाली. "तुम्ही म्हणालात, एवढं मोठं लिहिलंय समोर, दिसत नाही का?"